कोमट पाणी

जुलैत ते येतात, अकरा दिवसांसाठी.
या वर्षी एकवीस जण, नेब्रास्काहून,
सगळ्यांचे सदरे शेंदरी, पाठीवर एकच वचन.
डोंगरावर कोणी वाट चुकलं
तर खालच्या मक्यात लगेच दिसावं.

मला दिवसाचे नव्वद केत्साल.
पास्टर इंग्रजीत बोलणार, ओसेआस त्याचं स्पॅनिश करणार,
आणि मी ते उचलून आमच्या काक्चिकेलमध्ये
पोरांपुढे ठेवणार.
तीन तोंडांतून गेलेल्या शब्दाचं
चिपाड होतं.
देवाचं तुमच्यावर अपार, अखंड, बिनशर्त प्रेम आहे,
ते माझ्यापर्यंत येतं : देव चांगला आहे.
मी पोरांना सांगते : रांग मोडू नका.

चौथ्या दिवशी बूट.
आधी पाय धुवायचे, मग माप, मग मोजे, बूट, मग फोटो.
शाळेच्या पडवीत सहा घमेली,
प्रत्येकापुढे गुडघ्यांवर एकेक पाहुणा.
शेवटच्या घमेल्याशी व्हर्लिन,
सत्तरी ओलांडलेला, जन्मभर प्लंबर,
गुडघ्याखाली घडी केलेलं पोतं.
बाकीचे पाय धुताना रडत होते.
हा रडत नव्हता.
टाचेपासून सुरू करून बोटांच्या बेचक्यांपर्यंत जायचा,
गळती शोधावी तसा, अंगठ्यानं चाचपत.

देल्मी आली. त्सोकांची धाकटी, नऊ वर्षांची.
तिला जांभळे बूट मिळाले, एक माप मोठे.
मलाही मोठेच मिळाले होते तिच्याएवढी असताना,
दुसऱ्याच कुठल्या चर्चकडून.
पुढे चिंध्या कोंबून दोन वर्षं घातले,
मग बहिणीनं.

अर्ध्या तासानं देल्मी परत रांगेत.
अनवाणी. घोट्यापर्यंत चिखल,
ताजा, मुद्दाम तुडवलेला.
व्हर्लिननं यादी पाहिली नाही. पाय धुतले.
तिसऱ्यांदा आली तेव्हा यादीवाली शार्लीन
पेन्सिल थांबवून काहीतरी म्हणाली.
ओसेआस मला : विचार, ही मुलगी किती बूट नेणार आहे?

मी विचारलं.
देल्मी घमेल्याकडे बघत पुटपुटली,
"बूट नकोत. पाणी गरम आहे."

आता हे त्यांना कसं सांगायचं?
त्यांच्या घरी नळ फिरवला की येतं.
आमच्याकडे गरम पाणी म्हणजे लाकूड,
लाकूड म्हणजे आईची पाठ, पहाटेची दोन तासांची चढण,
आणि आणलेलं सगळं मक्याच्या पातेल्याखाली जातं.
पायांसाठी कोण जाळतं?

मी ओसेआसला म्हटलं, "ही बहीण आहे तिची. जुळी."
खोटं मात्र सरळ गेलं,
तिन्ही भाषांतून, थेंबही न सांडता.
शार्लीननं जुळीचं नाव विचारलं.
मी माझं दिलं.

व्हर्लिननं एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग त्या पायाच्या टाचेकडे,
जिथली भेग त्यानं दोनदा धुतली होती.
आणि मान खाली घालून तो बोलू लागला,
बराच वेळ, मध्ये थांबत,
हात पाण्यातच.
एका बाईचं नाव दोनदा आलं, लॉर्ना.
नावांना दुभाष्या लागत नाही.
ओसेआसनं सगळं ऐकून घेतलं, नाक पुसलं
आणि मला सांगितलं,
"म्हणतोय, ठीक आहे."

एवढं लांबलचक ठीक आहे
मी आजवर ऐकलं नव्हतं.

ते गेले, घमेली राहिली.
पाच शाळेत कुलपात, एक माझ्याकडे,
मी त्यात घेवडा भिजवते.
जांभळे बूट देल्मीच्या आईनं
बाजारात दोन मोळ्यांना दिले.
तिचं काय चुकलं?

परवा देल्मी दारात आली,
घमेल्यात हात घालून बघितला, पाणी गार होतं.
म्हणाली, "लॉर्ना कोण?"

ओसेआस आता शहरात असतो. पुढच्या जुलैत येईल.
मी घेवड्यातला एक खडा काढून
बाहेर फेकला.